दंडातून डोळ्यात, अकरा सेकंदांत

डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारायचा, "म्हणजे मोतीबिंदू?" मी म्हणायचे, "नाही, पडदा." पडदा म्हटला की लोकांना नाटकाचा आठवतो, नाहीतर सिनेमाचा. आपल्याच डोळ्यात एक आहे, आणि तो फाटला, सुजला किंवा त्यावर रक्त सांडलं तर सगळा खेळ बंद, हे बहुतेकांना खेळ बंद झाल्यावरच कळतं.

माझं नाव मार्था. मरोळच्या जुन्या गावठाणातली. वडिलांची भातशेती होती तिथे पुढे कारखान्यांच्या शेडी आल्या आणि आमच्या घरातली आम्ही तिन्ही भावंडं नोकऱ्यांना लागलो. मी लागले अंधेरी पूर्वेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर आणि एक अंधारी खोली. साठचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा. मोतीबिंदूचे पेशंट यायचे, ऑपरेशन व्हायचं, जाड भिंगाचा चष्मा लावून हसत घरी जायचे. पण गुरुवारी रेगे डॉक्टरांची पडद्याची ओपीडी असायची आणि गुरुवारी कुणी फारसं हसायचं नाही.

पडदा म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. बाहुलीच्या मागे भिंग असतं. भिंगाच्या मागे काचेसारखा पारदर्शक गर. आणि सगळ्यात मागच्या भिंतीला, कागदापेक्षाही पातळ असा पडदा. त्यावर बारीक बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. भिंग खराब झालं तर काढता येतं. पडदा काढता येत नाही, बदलता येत नाही, शिवताही येत नाही. तेव्हा आमच्या हातात होती ती औषधं. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. शिरेतून अगदी हळू द्यायचं कॅल्शियम, जे आत जाताना पेशंट म्हणायचा, "शिस्टर, अंगातनं गरम पाणी चाललंय." क्षयाचा संशय असला तर स्ट्रेप्टोमायसिनची रोजची सुई. आणि शेवटी डोळ्याजवळचं इंजेक्शन.

या शेवटच्या इंजेक्शनची अख्ख्या उपनगरात दहशत होती. "त्या हॉस्पिटलात डोळ्यात सुई खुपसतात!" खुपसत कुणी नव्हतं. खालच्या पापणीच्या कडेने, डोळ्याच्या गोळ्याला वळसा घालून सुई मागे जायची आणि औषध पडद्याच्या पाठीशी जाऊन बसायचं. टोचायचे डॉक्टर, पेशंटचं डोकं धरायचं आणि बोलत राहायचं काम माझं. घाटकोपरचे एक हवालदार आले होते, मिशा अशा की बाजूचे पेशंट सरकून बसायचे. म्हणाले, "सिस्टर, दारूवाल्यांचे सुरे अंगावर घेतलेत मी. तुम्ही खुशाल टोचा." डॉक्टरांनी ट्रेमधून सुई उचलली आणि हवालदार खुर्चीतून सरकत सरकत सरळ जमिनीवर. तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडून विचारतात, "झालं?"

"अजून सुरूच केलं नाही," मी म्हटलं.

तर असं. हसायचे प्रसंगही होते. पण एक प्रसंग मी अजून कुणाला हसत सांगू शकलेले नाही.

मुलुंडचा एक पोस्टमन होता, सव्वीस वर्षांचा. तरण्या मुलांना होतो असा एक आजार आहे: पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या सुजतात, त्यांच्याशेजारी नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्या कच्च्या वाहिन्या गळतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, आत रक्त सांडलेलं असतं. या मुलाच्या एका डोळ्यात आधीच सगळं संपलं होतं, दुसऱ्यात पुन्हा पुन्हा रक्त येत होतं. आम्ही त्याला उशा लावून अर्धवट बसवून ठेवलं, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या, गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं. रक्त खाली बसायचं, थोडं दिसायचं, पुन्हा सांडायचं. गळती नेमकी कुठून होतेय हे डॉक्टरांना कळत नव्हतं. सुजलेल्या वाहिन्या अनेक होत्या, गळणारी कोणती हे ओळखायचं साधन आमच्याकडे नव्हतं.

एका सकाळी मी त्याच्या पट्ट्या सोडल्या, डोळे पुसले, थेंब घातले आणि औषधं लिहायला टेबलाशी गेले. थोड्या वेळाने त्याने हाक मारली.

"सिस्टर, पट्टी कधी सोडणार आज?"

मी त्याच्या खाटेजवळ पोचले तोवर त्याने हात वर करून स्वतःच्या पापण्या चाचपल्या.

त्यानंतर रेगे डॉक्टर आठवडाभर चिडलेलेच होते. बुटके, गोरे, कायम शर्टाच्या खिशात रंगीत पेन्सिली. चिडले की पेन्सिलीला टोक काढत बसायचे. त्या आठवड्यात त्यांनी पेन्सिलींची पार वाट लावली. पुढे ते डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेला गेले आणि परतले ते धावतच. मी थिएटरमध्ये सिरिंजा उकळायला टाकत होते.

"मार्था! सावंतांना बोलाव! आपल्याकडे आहे ते! गेली कित्येक वर्षं आपल्याच कपाटात आहे!"

सावंत म्हणजे आमचे कंपाउंडर. पन्नाशीचे, मालवणकडचे, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या आले आणि डॉक्टरांनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत नारिंगी पूड. फ्लुरोसीन. ही पूड आम्हाला नवी नव्हती. डोळ्याला खरचटलं, जखम झाली की तिचा थेंब डोळ्यात टाकायचा, जखम हिरवी चमकते. बस, एवढाच तिचा उपयोग आम्हाला माहीत होता.

"हे शिरेत द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "दंडाच्या शिरेतून हृदयात, तिथून डोळ्यात. दहा-बारा सेकंदांत पडद्यावर पोचतं. निळा उजेड टाकून पाहिलं की सगळ्या वाहिन्या हिरव्या पेटतात. आणि जिथे गळतंय तिथे औषध बाहेर झिरपतं. डाग दिसतो! नेमकी जागा दिसते, मार्था!"

मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी भराभर फोटो काढणारा कॅमेरा असतो, हेही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. "माझे डोळे आहेत, पेन्सिली आहेत," डॉक्टर म्हणाले. "मी बघेन आणि काढेन."

तात्यांनी मात्र बाटली हातात घेऊन मान हलवली. "थेंबाची गोष्ट वेगळी, डॉक्टर. थेंब डोळ्यात जातो. हे रक्तात जाणार. माझ्या हातून कणभर घाण राहिली तर माणूस जाईल."

पुढचे पंधरा दिवस तात्यांनी त्या औषधाची जी काळजी घेतली तशी कुणी तान्ह्या मुलाचीही घेत नसेल. शुद्ध पाण्यात विरघळवलं, गाळलं, पुन्हा गाळलं, बाटल्यांत भरून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलं. पहिला सगळा घाणा त्यांनी ओतून दिला, कारण एका बाटलीचं बूच त्यांना सैल वाटलं. दुसऱ्या घाण्यातल्या बाटल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवल्या. तिथून चिठ्ठी आली: स्वच्छ.

आता प्रश्न असा की पहिलं इंजेक्शन कुणाला? "मला द्या," डॉक्टर म्हणाले. "मग बघणार कोण?" मी म्हटलं. तात्यांना दमा होता. उरले मी. मी खुर्चीत बसून बाही वर केली. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण खरं सांगते, भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. आमच्या त्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात काहीतरी नवं घडणार होतं आणि ते माझ्या अंगात घडणार होतं!

अंधारी खोली. बाजूला ट्रेमध्ये, औषध अंगावर उलटलंच तर म्हणून, अ‍ॅड्रेनालिन, स्टेरॉइड, सगळं भरून तयार. डॉक्टरांनी माझ्या शिरेत औषध सोडलं आणि झटकन पडदा बघायचं निळ्या उजेडाचं यंत्र माझ्या डोळ्याला लावलं. तात्या घड्याळाकडे बघत मोजत होते. "आठ... नऊ... दहा... अकरा..."

"आलं!" डॉक्टर ओरडले. "आलं, आलं, तात्या! अरे काय दिसतंय हे!"

मला स्वतःला दिसला फक्त निळा झगझगाट, आणि अर्ध्या मिनिटाने पोटात असं ढवळून आलं की सकाळची भाकरी बाहेर येते की काय. पण ते दोन मिनिटांत थांबलं. डॉक्टरांनी माझ्या पडद्याचं चित्र काढलं आणि खाली सही केली, एखाद्या चित्रकारासारखी.

उरलेली मजा घरी झाली. मी हळदीसारखी पिवळी झाले होते. बसमध्ये शेजारची बाई उठून पुढच्या बाकावर गेली. घराच्या पायरीवर आय तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि सूप खाली ठेवलं. "अगो मार्था! तुला कावीळ झाली!"

"औषध आहे आय, उद्या जाईल."

"औषधाने कावीळ जाते, येत नाय!" ती काही ऐकेना. शेजारच्या दोघी आल्या. एकीने उसाचा रस आणला, दुसरी काविळीचं औषध देणाऱ्या माणसाचा पत्ता सांगू लागली, आणि आय तर फादरना बोलवायला निघाली होती. मी दार आडवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुन्हा माझ्या सावळ्या रंगावर आले तेव्हा कुठे आयने माझ्या हातचा चहा घेतला.

त्यानंतर महिनाभरात वसंत परब आला.

चोवीस वर्षांचा, वाकोल्याला आईबरोबर राहणारा, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर. बाप गिरणीत होता, तो वारल्यावर मायलेक दोघेच. त्याचा डावा डोळा वर्षभरापूर्वीच अंधारला होता. कुठल्याशा डॉक्टरने लाली समजून थेंब दिले आणि याने एका डोळ्यावर काम चालू ठेवलं. आता उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले होते. डॉक्टरांनी तपासलं. डावा पडदा ओढला जाऊन सुटून गेला होता, त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्यात रक्त. तोच आजार. पोस्टमनचा.

त्याची आई माझा हात धरून उभी होती. "बाय माझे, झिलाक दिसतला मां? माका खरां सांग."

मी म्हटलं, "मावशी, या वेळी आमच्याकडे एक नवं औषध आहे."

"मग ता आजच दी."

आज देऊन उपयोग नव्हता. रक्ताने गर गढूळ झालेला असला तर आतलं काही दिसत नाही. आधी रक्त निवळायला हवं. वसंत दाखल झाला. गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यामागचं इंजेक्शन झालं, छातीचा फोटो काढला त्यात जुन्या क्षयाची खूण दिसली म्हणून स्ट्रेप्टोमायसिनही रोज. पोरगा बोलका. "शिस्टर, माझा हात मिलीमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. तुमच्या सुईला टोक मी तुमच्यापेक्षा बरं काढून देईन." तीन आठवड्यांत गर बराच निवळला. डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं, गोळ्या चालू ठेवायला बजावलं आणि पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारी डाय, म्हणजे ते फ्लुरोसीन, द्यायचं ठरवलं. रोजची सुई तो घराजवळच्या दवाखान्यात घेणार होता.

गुरुवार आला. तात्यांनी बाटली काढून ठेवली, मी अंधारी खोली तयार केली. वसंत आला नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी त्याची आई आली, एकटी, डोळ्याला पदर लावून.

"गोळये घेऊचे बंद केल्यान. आरशात तोंड बघता नि रडता. कामाक जाता. माझां ऐकत नाय."

मला लगेच कळलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजतो, पुरणपोळीसारखा गोल होतो. आम्ही त्याला ते सांगायला हवं होतं. गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हे बजावलं होतं. चेहरा गोल होईल आणि गोळ्या थांबल्या की उतरेल, हे मात्र बजावलं नव्हतं. मला ते क्षुल्लक वाटलं होतं. चोवीस वर्षांच्या पोराला ते क्षुल्लक नसतं, एवढं मला समजायला हवं होतं.

"वर्कशॉपचा पत्ता आहे?" मी विचारलं.

रेगे डॉक्टर म्हणाले, "मार्था, हे तुझं काम नाही." मी म्हटलं, "सर, साकीनाका माझ्या घरापासून जवळच आहे," आणि युनिफॉर्मवरच निघाले. दुपारची वेळ. साकीनाक्याला उतरून मी त्या पत्र्याच्या शेडींच्या रांगेत शिरले. पांढरी टोपी, पांढरे बूट आणि जमिनीवर सगळीकडे काळं तेल. दहा मशीनं एकदम किंचाळत होती. माझ्याकडे बघून एकेक मशीन थांबत गेलं.

वसंत शेवटच्या लेथवर होता. त्याचा चेहरा खरोखर गोल झाला होता. पण मी पाहिलं ते दुसरंच. तो फिरत्या तुकड्याकडे बघतच नव्हता. मान किंचित वाकडी करून, बोटाने माप चाचपत, अंदाजाने काम करत होता.

"वसंत, मशीन बंद कर."

"शिस्टर! तुम्ही इथे कशाला आलात?"

"मशीन बंद कर आधी."

त्याने बंद केलं. मी माझी तीन बोटं त्याच्यासमोर धरली. "किती?"

"तीन." पण सांगायच्या आधी त्याने डोकं हलवलं, पडदा बाजूला सारावा तसं.

"काय आलंय डोळ्यापुढे?"

त्याने फडकं उचलून हात पुसले. मग हळूच म्हणाला, "काल सकाळपासून. खालून धूर चढल्यासारखा. थोडाच आहे. जाईल ना?"

"जाईल? डावा असाच गेला ना तुझा?" माझा आवाज चढला. "तोंड सुजलं म्हणून गोळ्या बंद करतोस? तोंड उतरेल रे! सहा महिन्यांत उतरेल. डोळा गेला तर ते तोंड आरशात बघणार कोण?"

अख्खं वर्कशॉप ऐकत होतं. बाजूच्या मशीनवरचा एक दाढीवाला मिस्त्री पुढे आला. "अरे वसंता, हे आम्हाला माहीत नव्हतं रे. आम्ही तुला लाडू लाडू म्हणत होतो..." त्याचा चेहरा पडला. मग त्यानेच वसंतच्या हातातलं फडकं काढून घेतलं, खुंटीवरचा शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला आणि रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टर निघायच्या तयारीत होते. त्यांनी उभ्याउभ्याच यंत्र वसंतच्या डोळ्याला लावलं आणि बॅग खाली ठेवली. "ताजं रक्त आहे. अजून खालीच आहे, वरचा भाग मोकळा आहे. उद्यापर्यंत सगळं गढूळ होऊ शकतं. तात्या! डाय आत्ता!"

काय धावपळ झाली! तात्यांनी बाटली उजेडात धरून तीनदा पाहिली. मी थेंब घालून बाहुली मोठी केली, ट्रे भरला, गोळ्यांचा डोस सुरू केला. वसंतची आई दाराशी उभी, तिला सांगितलं की मुलगा पिवळा होईल, घाबरायचं नाही. ती म्हणाली, "हिरवो करा, निळो करा, पण बघूक दी त्याका."

अंधारी खोली. या वेळी सुई माझ्या हातात होती. डाय झटकन द्यावा लागतो, पण शिरेबाहेर एक थेंबही जाता कामा नये. गेला तर हात जळल्यासारखा होतो. शीर सापडली. "वसंत, हलायचं नाही. पोटात ढवळेल, तरी हलायचं नाही."

"देवाशप्पथ नाही हलणार."

मी औषध सोडलं. "आत!"

तात्या मोजू लागले. माझे कान फक्त त्यांच्या आवाजाकडे. "नऊ... दहा... अकरा..."

"पेटलं," डॉक्टर पुटपुटले. मग कागदावर पेन्सिलीची खरखर. डोळा यंत्राला, दुसरा हात कागदावर, मधूनच मान खाली, पुन्हा वर. "एक इथे. गळतंय, बघता बघता पसरतंय. दुसरा त्याच्या वर. वसंत, वर बघ. आणखी वर. तिसरा! डावीकडे बघ..."

वसंतला उमासा आला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, कपाळावर घाम फुटला, पण मान तसूभर हलवली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बोलत राहिले, काय बोलत होते देव जाणे. "चौथा," डॉक्टर म्हणाले आणि मागे टेकले. "चार जागा. बस. आता वाट बघू, काही उशिरा गळतात." ते चित्रात रंग भरायला बसले, आणि तेव्हा त्यांनी हातातलं छोटं यंत्र माझ्यापुढे धरलं. "बघ तू. इतके दिवस डोकी धरतेस, आत काय आहे ते कधी पाहिलंस?"

मी वाकले. आधी काहीच दिसेना, मग एकदम दिसलं. काळोखात हिरवं झाड! बारीक फांद्या, त्यांना आणखी बारीक फांद्या, सगळ्या आतून उजळलेल्या. एका माणसाच्या डोळ्याच्या तळाशी हे असं असतं आणि मी इतकी वर्षं फक्त बाहेरून पापण्या पुसत होते. गळणाऱ्या जागा ढगांसारख्या फुगल्या होत्या. मी चित्राशी ताडून एकेक मोजली. एक, दोन, तीन, चार. वसंतला म्हटलं, आणखी वर बघ. आणि अगदी कडेला, फांदीच्या टोकाला, एक फिकट टिकली.

"सर, पाचवा आहे."

"नाही. चारच आहेत."

"सर, वर. घड्याळात अकराचा आकडा असतो त्या जागी."

डॉक्टरांनी माझ्या हातातून यंत्र जवळजवळ हिसकावून घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मग पेन्सिल उचलली आणि चित्रात पाचवी टिकली काढली. खाली सही करताना त्यांनी स्वतःच्या नावाशेजारी लिहिलं, "आणि मार्था."

त्या गळत्या जागा बंद करायचं यंत्र शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होतं. झेनॉनच्या प्रखर दिव्याचा झोत डोळ्यात सोडून नेमकी ती जागा भाजून बंद करायची. डॉक्टरांनी तीन फोन करून सोमवारची वेळ मिळवली. मी सुट्टी टाकून मायलेकांबरोबर गेले, चित्र छातीशी धरून. तिथले मोठे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "फोटो कुठे आहेत?"

"फोटो नाहीत सर. चित्र आहे."

"चित्रावरून मी पडदा जाळू?"

मी म्हटलं, "आधी चित्र बघा, मग पडदा बघा. एक जागा जरी चुकीची निघाली तरी आम्ही परत जातो." आता विचार केला की अंगावर काटा येतो, एवढ्या मोठ्या माणसाशी मी असं बोलले! त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, वसंतला आत नेलं. बराच वेळ दार बंद. वसंतची आई देवाचं नाव घेत होती, मी हेल मेरी म्हणत होते. दार उघडलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या हातात आमचं चित्र होतं. "पाचही बरोबर," ते म्हणाले. "कुणी काढलंय हे? त्यांना सांगा, कॅमेरा आला तरी पेन्सिली टाकू नका."

त्याच दिवशी पाचही जागा बंद केल्या.

पण लगेच आनंदीआनंद झाला नाही. सांडलेलं रक्त निवळायला वेळ लागतो. पहिले दोन आठवडे वसंतला धुराशिवाय काही दिसत नव्हतं आणि तो मला रोज विचारायचा, "शिस्टर, भाजताना चुकलं तर नाही ना?" स्ट्रेप्टोमायसिनसाठी आता तो आमच्याकडेच यायचा, आईचा हात धरून. तिसऱ्या आठवड्यात तो आईच्या पुढे चालत आला. पाचव्या आठवड्यात एकटा. चेहराही हळूहळू उतरू लागला होता. तरी डॉक्टर तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत नव्हते. म्हणायचे, "घाई नको. पडद्याला थोडी उसंत द्या."

एका सकाळी मी त्याच्या सुईची तयारी करत होते. तो समोरच्या स्टुलावर बाही वर करून बसला होता. मी उकळलेल्या ट्रेमधून चिमट्याने काचेची सिरिंज उचलली, दट्ट्या बसवला आणि औषधाच्या बाटलीकडे हात नेला.

"थांबा शिस्टर," वसंत म्हणाला. "त्या नळीला चीर आहे."

मी सिरिंज उजेडाकडे धरली. फिरवून पाहिली. "कुठे? काही नाही."

"आहे. दोनच्या आकड्याच्या खाली. केसाएवढी. आडवी नाही, तिरकी."

मला दिसेना. तात्यांना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून पाहिली, त्यांनाही दिसेना. आमचा आवाज ऐकून रेगे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, सिरिंज खिडकीशी नेली, आणि आम्ही तिघं त्यांच्या पाठीशी दाटीवाटीने उभे राहिलो. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. दोनच्या आकड्याखाली, तिरकी, केसाएवढी.

"वसंत," डॉक्टर म्हणाले, "आता तुला तक्ता कशाला वाचायला लावू?" तात्या डोळे पुसत कंपाउंडिंगच्या खोलीत निघून गेले. मी दुसरी सिरिंज घेतली, औषध भरलं, त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. पण माझी नजर दंडाऐवजी त्याच्या उजव्या डोळ्यावर होती, आणि सुई वाकडी गेली.

"आई गं!" वसंत दंड चोळत म्हणाला. "शिस्टर, आज पहिल्यांदा दुखलं हां."